तळटीप सतरा

"एक बेट होतं," अशी केझियाने सुरुवात केली
आणि मी समासात लाल पेनने लिहिलं: कशावरून?

वीस वर्षं हेच लिहीत आलोय.
"लोक म्हणतात" असं म्हणू नका, पोरांनो,
लोकांना नावं असतात,
नावांना तारखा,
तारखांना पान क्रमांक.

ती सेंट जॉन्सला गेली. फेरीबोट, मग दिवसभर बस.
मायक्रोफिल्मचं चाक फिरवून मनगट दुखलं म्हणाली,
पण अहवाल सापडला.
*स्थलांतर स्वेच्छेने. कुटुंबे वीस. संमती अठरा.*
नव्वद टक्के,
नियमात बसतील इतके नेमके.
घरं रिकाम्या पिंपांवर बांधून पाण्यावरून ओढत आणली,
खिडक्यांचे पडदेसुद्धा न काढता.
एक वाटेतच बुडालं.
ते परिशिष्टात आहे, भरपाईच्या रकान्यात.

सह्यांच्या यादीत सातव्या ओळीवर
एक फुली.
*एसाव डर्नफर्ड, त्याची निशाणी. फेब्रुवारी १९६६.*

पणजोबा तिचा.

मे महिन्यात वारा पडल्यावर
चुलत्याच्या होडीतून ती बेटावर गेली.
चर्चचा फक्त जोता उरलाय. मेंढ्याही नाहीत.
तिने दगडावर कागद धरला, पेन्सिल आडवी करून घासली,
आणि शेवाळाखालून एकेक अक्षर वर आलं:
एसाव. नोव्हेंबर १९६५.

"सर, थडगं कसं नोंदवायचं?"
मी सांगितलं. स्थळ, दिशा, ओळ, पाहिल्याची तारीख.
"आणि दोन साधनं एकमेकांना खोटं पाडत असतील तर?"
तिसरं शोध, म्हणालो.
पुस्तकात तसंच आहे.

तिसरं साधन एक्याण्णव वर्षांचं.
मायर्टल स्किनर, बेटाची पोस्टमास्तरीण.
चहात डब्यातलं दूध ओतत म्हणाली,
एक घर कमी पडत होतं गं.
डॉक्टर नको होता का आम्हाला? वीज नको होती?
फुलीचं काय, फुली कुणाच्याही हाताला येते.
पण माझं नाव घातलंस
तर परत या दारात येऊ नकोस.

केझियाने लिहिलं: *नाव राखून ठेवले आहे.*
त्याखाली मी काही लिहिलं नाही.

मग एका गुरुवारी शाळा सुटल्यावर ती थांबली.
यादीची छायाप्रत माझ्या टेबलावर ठेवली,
बोट सातव्या ओळीवर नाही,
पार खाली, जिथे छापलं होतं *साक्षीदार.*

आर. स्पार्क्स, शाळामास्तर.

आरचं शेपूट गळासारखं वळलेलं.
ते शेपूट मी ओळखतो,
माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर होतं.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

हीटर दोनदा खडखडला.
बाहेर कुणीतरी बर्फ नसतानाही फावडं ओढत चाललं होतं.

पेन घे, म्हणालो.
शेवटच्या आजारपणात बाबा रात्री उठून बसायचे,
उशीवर बोटाने दोन रेघा काढायचे, एकीवर एक.
विचारलं तर म्हणायचे, हजेरी घेतोय.
मी परिचारिकेला सांगायचो, भ्रम आहे.
हे लिही.
भ्रम हा शब्द माझा, तो अवतरणात घाल.

ती टिपत राहिली.
टिपणं म्हणजे पाखराने दाणा उचलणं,
शाई कागदाने शोषून घेणं,
आणि नेम धरून पाडणंही.
तिच्या हातात यातलं काय होतं,
मला त्या वेळी कळलं नाही.

"तुम्हाला कसं नोंदवू, सर?
मूळ साधन, की दुय्यम?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मुलगा, म्हणालो. मुलाखत, समक्ष.
मग तारीख सांगितली, वर्गखोलीचा क्रमांकही.

निबंध आला. तळटीप सतरा, पानाच्या अगदी तळाशी,
वरच्या मजकुराहून बारीक टायपात.
आडनावानंतर स्वल्पविराम हवा होता.
नव्हता.

लाल पेन उघडलं,
पुन्हा टोपण लावलं.